पाठराखा

विमानाच्या शेपटीत तुझी जागा, सिरिल,
हे आईला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.
शेजारणींना सांगायची,
"मागे बसवलाय त्याला, म्हणजे जपूनच ठेवलाय."
तूही तिला तसंच समजू दिलंस.
मला मात्र कोळशाच्या खोपटामागे नेऊन म्हणालास,
"मी उलटा बसतो, एनिड.
बाकीचे सहा जण येणारं बघतात.
मी गेलेलं."

मी दहा वर्षांची. मला वाटलं, मजाच की!
बसमध्येही तू तसाच बसायचास,
ड्रायव्हरकडे पाठ करून,
मागे पडणारं ग्रिम्सबी मोजत:
गोदीचा मनोरा, गॅसची टाकी,
आणि आपलं धुरी घराचं काळं धुराडं,
जिथे बाबा ओकच्या भुशावर
सळ्या सळ्यांनी हेरिंग टांगायचे.
तुझ्या स्वेटरलाही तोच वास.
सोबती चिडवायचे म्हणे,
याला शोधायला शत्रूला सर्चलाइट कशाला,
एक मांजर पुरे.

तार आली तेव्हा आई मासे पालटत होती.
तिनं ती एप्रनच्या खिशात घातली.
उरलेल्या अकरा सळ्या पालटल्या.
हात धुतले.
पुन्हा धुतले.
"बेपत्ता", असं होतं त्यात.
बाबा म्हणाले, अगं, पत्ताच नाही ना फक्त?
सापडेल की पत्ता.
आणि दर रविवारी बूट घालून
दारापाशी बसायला लागले,
कुणीतरी पत्ता घेऊन येईल म्हणून.

पत्ता समुद्राखाली होता.
डच लोकांनी बांध घातला, पाणी उपसलं,
समुद्राची जमीन केली.
तुझ्यावर आधी बोरू उगवले, मग बीट,
मग सित्से नावाच्या माणसाचे कांदे.
एका शरदात त्याचा नांगर अडला.
पत्र माझ्या नावानं आलं,
कारण नाव लिहावं असं
आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

नव्वदीत कुणी परदेशी जातं का?
गेले.
आगगाडीत उलट्या दिशेची जागा मिळाली.
एक मुलगी उठून म्हणाली, आजी, इकडे बसा,
तिकडे गरगरेल.
नको म्हटलं.
सपाट शेतं माझ्यापासून लांब लांब जात राहिली
आणि मला इतक्या वर्षांनी ते दिसलं:
जाताना तुझं तोंड आमच्याकडे होतं.
सगळा उत्तर समुद्र ओलांडेपर्यंत
डोळ्यांत तेल घालून तू घराकडे बघत गेलास.
पण तुम्ही पडलात परतताना.
परतताना तुझ्यासमोर
ते शहर होतं. जळणारं.
तिथेही कुणी दहा वर्षांची तळघरात असेल.
तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. कधीच.

शाळेच्या व्यायामशाळेत लांब टेबल,
त्यावर चिखल धुतलेल्या वस्तू,
प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेला आकडा.
अर्धा कंगवा. हातमोज्याची तार,
बोटं गोठू नयेत म्हणून विजेनं तापणारी.
बेचाळीस क्रमांकावर: अज्ञात भाग.
अधिकारी तरुण, सत्ताविशीचा,
तुझ्याहून आठ वर्षांनी थोरला.
म्हणाला, बाई, हा यंत्राच्या कुठल्या जागेचा
ते अजून आम्हाला जुळलेलं नाही.

चार इंची खिळा.
टोकाशी आकड्यासारखा वाकवलेला.
नाकाशी नेला. नुसता चिखल.

हा यंत्राचा नाही, मी म्हटलं.
हा आमच्या भिंतीचा,
धुरी घरातल्या तिसऱ्या सळीखालचा.
त्यानं मान लववून लिहून घेतलं: भिंत, तिसरी सळी.
तू हा खिशात घालून पळालास,
आणि बाबा महिनाभर ओरडत होते,
खिळा कुणी उपटला, खिळा कुणी उपटला!

त्याचा मार मी खाल्ला, सिरिल.
तेवढं त्यानं लिहिलं नाही.